नवलेखकाची वही आणि मिलिंदाचे प्रश्न

आपल्याकडे लिहू लागणारा माणूस बहुधा लेखक व्हायचे म्हणून लिहू लागत नाही. तो वसतिगृहातला विद्यार्थी असतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक असतो, कचेरीतला कारकून असतो; कधी ती अंगणवाडीताई असते, परिचारिका असते. वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी उतरते. ते दोघाचौघांना वाचून दाखवले जाते. मग एखाद्या हस्तलिखितात, लेखक-वाचक मेळाव्यात किंवा जयंतीच्या व्यासपीठावर ते लोकांसमोर येते. प्रस्थापित समीक्षा या लेखनाला 'हौशी' म्हणते. हा शब्द मला मान्य नाही. हौस ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे. इथे तर अनेकांनी पोट मारून वही विकत घेतलेली असते. म्हणून मी नवलेखक एवढेच म्हणतो.

या नवलेखनात अन्याय, भूक, गावकुस हे विषय येतात आणि त्यांची चर्चाही पुष्कळ झाली आहे. त्यांच्याइतकाच वारंवार येणारा, पण चर्चेतून निसटणारा एक विषय आहे. तो म्हणजे धर्मश्रद्धेविषयीचे प्रश्न. देव नाही असे म्हटले, मग आई अंधारात कोणाला हात जोडते? आत्मा नाही, तर पुनर्जन्म कशाचा? मूर्तिपूजा सोडली, तर विहारात मूर्तीपुढे मेणबत्ती लावताना मी नेमके काय करतो? हे प्रश्न तत्त्वज्ञानाचे आहेत. विचारणाऱ्याने तत्त्वज्ञानाचे पुस्तक उघडलेले नसेल, त्याने ते कवितेत किंवा कथेत घातले असतील, म्हणून त्यांचे तत्त्वज्ञानपण कमी होत नाही.

असा प्रश्न बैठकीत वाचला गेला की काय होते? कोणी टाळ्या वाजवतो. कोणी दटावतो: बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे, आधी वाचा, मग लिहा. आणि ज्याला यातले काहीच करायचे नसते तो म्हणतो, कविता म्हणून चांगली आहे. या तिसऱ्या प्रतिक्रियेची मला सर्वांत जास्त भीती वाटते, कारण ती सभ्य आहे. तिन्ही प्रकारांत प्रश्न होता तिथेच राहतो आणि विचारणारा पुढच्या खेपेस सुरक्षित कविता घेऊन येतो.

प्रश्न आणि लेखन दोन्ही चारचौघांत कसे ठेवावे, याचा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झालेला आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो आहे. ज्या ग्रंथावरून बाबासाहेबांनी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) आपल्या महाविद्यालयाला मिलिंद आणि त्या परिसराला नागसेनवन ही नावे दिली, तो हा ग्रंथ. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या त्या महाविद्यालयातून आपल्या साहित्याच्या दोन-तीन पिढ्या बाहेर पडल्या. नाव सर्वांच्या तोंडी आहे. ग्रंथ फार थोड्यांनी उघडला आहे. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले ते एका प्रश्न विचारणाऱ्याचे, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव झाडांच्या परिसराला. यात क्रम आहे असे मी म्हणणार नाही, पण ते ध्यानात राहते.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल. ती आजच्या सियालकोटच्या ठिकाणी होती असे मानतात. हा राजा वादपटू होता. ग्रंथ सांगतो की त्याच्या प्रश्नांना उत्तरे देता येईनात म्हणून विद्वानांनी नगरी सोडली आणि बारा वर्षे सागलमध्ये उत्तर देणारा उरला नाही. शेवटी नागसेन आला. राजाने चर्चेची इच्छा दाखवली तेव्हा नागसेनाने एक अट घातली. चर्चा पंडितांसारखी होणार असेल तर बसू, राजांसारखी होणार असेल तर नाही. राजाने विचारले, या दोहोंत फरक काय? नागसेनाने सांगितलेला फरक थोडक्यात असा: पंडित वाद करतात तेव्हा मुद्द्याला वेढा घातला जातो आणि वेढा सोडवलाही जातो, चूक दाखवली जाते आणि ती मान्य केली जाते, भेद काढले जातात, त्या भेदांवर उलट भेद काढले जातात, आणि एवढे होऊन पंडित रागावत नाहीत. राजे मात्र एक मुद्दा मांडतात आणि जो तो मानणार नाही त्याला दंड करायला सांगतात. मिलिंदाने पंडितवाद पत्करला. इतकेच नव्हे, तर तो म्हणाला की भदंतांनी माझ्याशी मोकळेपणाने बोलावे. जसे ते भिक्षूशी, श्रामणेराशी, उपासकाशी किंवा विहारात राबणाऱ्या सेवकाशी बोलतात तसे.

शेवटचा शब्द मी मुद्दाम ठळक करतो. राजाला उतरावे लागले ते थेट विहाराच्या सेवकाच्या पातळीपर्यंत. त्याखेरीज चर्चा सुरूच होऊ शकत नव्हती.

आपल्या वाचनबैठकीत राजवाद करायला सिंहासन लागत नाही. माइक हातात असला, संघटनेचे पद असले, चार पुस्तके आधी छापलेली असली, फार काय आवाज मोठा असला तरी भागते. दंडही फटक्यांचा नसतो. पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत नाव नसते एवढेच. आणि एक गोष्ट निखळपणे मान्य केली पाहिजे: राजवाद फक्त वरून होतो असे नाही. 'हा माझा अनुभव आहे, यावर तुम्हाला बोलण्याचा अधिकार नाही' असे म्हणणारा नवलेखकही एकच मुद्दा मांडून दार लावून घेतो. अनुभव त्याचा आहे, यात वाद नाही. पण अनुभवावरून त्याने जो निष्कर्ष वाचून दाखवला तो आता ऐकणाऱ्यांचाही झाला.

मग प्रश्न आला की करायचे काय? पाली ग्रंथांत प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. अंगुत्तरनिकायात ते आहेत, मिलिंदपञ्हातही नागसेन त्यांचा आधार घेतो. काही प्रश्नांना सरळ, एकच उत्तर असते. काहींची आधी फोड करावी लागते, भाग पाडल्याशिवाय त्यांना उत्तर देता येत नाही. काहींना उलट प्रश्न विचारावा लागतो. आणि काही प्रश्न बाजूला ठेवायचे असतात. आमच्या पदाधिकाऱ्यांना हा चौथा प्रकार फार आवडतो! पण बाजूला ठेवणे म्हणजे तोंड बंद करणे नव्हे. जग शाश्वत आहे की नाही, असे विचारणाऱ्या मालुंक्यपुत्ताला बुद्धाने गप्प बसवले नाही. विषारी बाणाने घायाळ झालेल्या माणसाचा दृष्टांत देऊन, हा प्रश्न का बाजूला ठेवतो याचे कारण सांगितले. कारण न सांगता बाजूला ठेवलेला प्रश्न हा दडपलेला प्रश्न असतो.

हे चार प्रकार नवलेखनाला लावून पाहू. समजा, एका शिक्षिकेने कथा वाचली. १९५६ नंतर घरातले देव विहिरीत सोडले, पण आजीने मरीआईचा एक टाक धान्याच्या कणगीत लपवून ठेवला आहे. नातवाला ताप आला की ती कणगीत हात घालते. कथेचा शेवट लेखिकेने केलेला नाही. नात आजीला विचारते, तू बुद्धाची का मरीआईची? इथे एक वाचक उठून म्हणेल, ही कथा दीक्षेची बदनामी करते. दुसरा म्हणेल, वा, किती सच्ची. दोघांनीही कथा ऐकलेली नाही. नातीचा प्रश्न फोड करण्याजोगा आहे. श्रद्धा या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी बसल्या आहेत: मानणे, करणे आणि भिणे. आजी काय मानते हे कथेत कुठेच नाही. ती काय करते ते आहे. आणि ज्या गावात तापाला डॉक्टर नाही, तिथे ती कशाला भिते हेही आहे. बाविसांपैकी देवदेवतांविषयीच्या प्रतिज्ञा पहिल्या दोन गोष्टींना हात घालतात: मानणार नाही, करणार नाही. भिणार नाही अशी प्रतिज्ञा कोणाला देता येत नाही. भीती घालवायला औषध लागते, रस्ता लागतो, रात्री दार उघडणारा दवाखाना लागतो. अशी फोड केली म्हणजे कथा बदनामीची राहत नाही आणि नुसती सच्चीही राहत नाही. मग लेखिकेला विचारता येते, बाई, कणगीत धान्य किती होते? हा प्रश्न थट्टेचा नाही. कणगी रिकामी असेल तर टाक लपत नाही. कथेची सगळी बांधणी त्या धान्यावर उभी आहे.

मेणबत्तीचा प्रश्न तिसऱ्या प्रकारातला, उलट प्रश्नाचा. कवी विचारतो, मी मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो तेव्हा पुन्हा पूजाच करतो का? त्याला विचारावे, ती लावताना तू काही मागतोस का? कोणी ऐकत आहे असे तुला वाटते का? उत्तर त्याच्याजवळच आहे, आणि बहुधा त्याची पुढची कविता तिथूनच सुरू होईल. भीमजयंतीच्या कवितांमध्ये बाबासाहेबांना उद्धारक, अवतार, देव म्हणून हाक घातलेली असते, तिथे मात्र सरळ उत्तराची जागा आहे. अवतारकल्पना प्रतिज्ञांनी नाकारलेली आहे; ती मागच्या दाराने आत घेता येणार नाही. एवढे स्पष्ट सांगावे, पण रागावून नव्हे. ज्या माणसाने पहिल्यांदा लेखणी धरली त्याच्या भाषेत कृतज्ञतेला दुसरा शब्दच शिल्लक ठेवलेला नव्हता. हजार वर्षे आभार मानायला फक्त देवच होते.

आता या सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. दीक्षेनंतरचा मी तोच, की दुसरा? हा प्रश्न नवलेखनात नाना रूपांनी येतो: नाव बदलले, गाव बदलले, आडनाव बदलले, तरी पाटलाच्या ओट्याखाली पाय थबकतात. प्रतिज्ञांमध्ये नव्या जन्माची भाषा आहे. मग जुना मेला कुठे? मिलिंदाने हाच प्रश्न विचारला होता, संदर्भ पुनर्जन्माचा होता एवढेच: जो जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेनाचे उत्तर प्रसिद्ध आहे, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला त्याने दिला. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक म्हणता येत नाही; दोन दिवे होते असेही म्हणता येत नाही.

हे उत्तर ऐकून कोणाला ते शब्दांचा खेळ वाटेल. तो खेळ नाही हे आपल्या आयुष्याने दाखवून दिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांना केंद्राच्या कायद्याने लगेच 'दुसरे' ठरवले. बौद्ध झालात म्हणजे अनुसूचित जातीचे उरला नाहीत, म्हणून सवलती नाहीत. महाराष्ट्रात राज्यपातळीवर काही सवलती मिळाल्या, पण केंद्राचा आदेश बदलायला १९९० साल उजाडले. त्याच चौतीस वर्षांत गावाने मात्र त्यांना 'तेच' ठरवले. पाणवठ्यावर, लग्नाच्या वरातीत, स्मशानात. द्यायचे असेल तेव्हा दुसरा, नाकारायचे असेल तेव्हा तोच. ज्योतीचे तेज कोणी मोजले नाही; वात कोणत्या कापसाची एवढेच पाहिले. मी तोच की दुसरा, हा प्रश्न एखादा कवी विचारतो तेव्हा तो आत्म्याविषयी बोलत आहे की जातीच्या दाखल्याविषयी, हे विचारायलाच हवे. बहुधा तो दोन्हींविषयी बोलत असतो, आणि कवितेला ते एकदम बोलता येते. निबंधाला येत नाही.

याच ग्रंथात नागसेनाने आणखी एक दाखला दिला आहे. आमच्या विषयाशी तो इतका जवळचा आहे की मला दर वेळी नवल वाटते. राजाने विचारले, काहीही इकडून तिकडे न जाता पुनर्जन्म होतो तो कसा? नागसेनाने आधी दिव्यावरून दिवा लावण्याचे उदाहरण दिले. राजाने आणखी एक मागितले. तेव्हा तो म्हणाला, महाराज, लहानपणी गुरूकडून एखादा श्लोक शिकल्याचे आठवते? आठवते. मग तो श्लोक गुरूला सोडून तुमच्याकडे आला का? नाही.

म्हणजे एका माणसाचे दुसऱ्यात काय उतरते हे सांगायला या भिक्षूला श्लोक आठवला. तो देणाऱ्याजवळून कमी होत नाही आणि घेणाऱ्याजवळ मात्र नव्याने जन्मतो. आंबेडकरी जलशांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. वामनदादा कर्डकांची गाणी ज्यांच्या तोंडी होती त्यांतल्या कितीकांना अक्षर येत नव्हते. गाणे कोणाचे हे विचारले जाई ते नंतर. आधी ते पाठ होई. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आंब्याच्या कोयीचे उदाहरण आहे: कोयीतून झाड, झाडाला आंबे, आणि यात कोठेही आत्मा नाही. कोय आणि श्लोक या दोन उदाहरणांपैकी लिहिणाऱ्याला श्लोकाचे जवळचे वाटेल. मात्र त्यातली अट विसरता कामा नये. श्लोक वहीत राहिला तर जन्म नाही. तो म्हणून दाखवावा लागतो आणि दुसऱ्याने तो, चुकतमाकत का होईना, आपल्या तोंडाने म्हणावा लागतो.

श्रद्धेवर प्रश्न लिहून ते चारचौघांत मांडणे ही आपल्याकडे कालपरवाची गोष्ट नाही. थेरीगाथेतली पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची दासी. थंडीच्या दिवसांत मालकिणींच्या धाकाने नदीवर पाणी भरायला जायची. तिथे एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करून पाप धूत होता. तिने त्याला विचारले की पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे, मगरी सगळी स्वर्गाला जाणार का? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल. मग तुझ्याजवळ काय उरेल? हा दुसरा प्रश्न पहिल्याहून भारी आहे. पहिल्याने हसू येते, दुसऱ्याने पळवाट बंद होते. पाणी वाहून आणणाऱ्या बाईला पाणी काय करते आणि काय करत नाही हे ठाऊक होते. ब्राह्मणाला ते पोथीतून ठाऊक होते.

दुसरी मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची मांग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदया'च्या १८५५ सालच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापून आला. नवलेखनाचा याहून मोठा दाखला आपल्याजवळ नाही. शाळेत लिहिलेला निबंध आहे हा. तिचा युक्तिवाद असा की वेद आमचेच, इतरांनी पाहू नयेत असे ब्राह्मण म्हणतात. तर मग आम्हाला धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत. आणि म्हणून ती देवालाच विचारते की तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता, ते कळव. आजच्या एखाद्या बैठकीत हा निबंध नाव न सांगता वाचला, तर कोणी तरी नक्की म्हणेल की ही मुलगी देवाला हाक मारते, हिची जाणीव अजून पक्व नाही. हाच राजवाद. तिने देव मानला आहे की नाही हा तिथला मुद्दाच नव्हे. धर्म ही वस्तू जन्मतः मिळते हे सगळे गृहीत धरत होते. तिने प्रथम विचारले की ती आम्हाला मिळालीच आहे का. एकशे एक वर्षांनी नागपुरात जे घडले त्याचा प्रश्न या निबंधात लिहून ठेवलेला आहे, उत्तर नसले तरी.

'बाबासाहेबांनी उत्तर देऊन ठेवले आहे' असे दटावणाऱ्यांसाठी मी शेवटी बाबासाहेबांच्याच पानाकडे वळतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलेच नव्हते हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते. चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीतली आहेत का, की ती माणसाची आशाच काढून घेतात? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? आणि भिक्षू कशासाठी: स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की समाजाची सेवा करण्यासाठी? आपल्या नव्या धर्माच्या ग्रंथाचा उंबरठा त्यांनी प्रश्नांचा केला, आणि वाचकांनी पुढे येऊन या प्रश्नांच्या सोडवणुकीत भर घालावी अशी अपेक्षा त्याच ठिकाणी नोंदवली. वाचकांनी, फक्त पंडितांनी नव्हे.

या चारांपैकी पहिल्या तिघांचे पडसाद नवलेखनात मला दिसतात. दुःख, कर्म, घर सोडणे यांवर कविता येतात, बऱ्याही असतात. चौथा प्रश्न मात्र जवळजवळ कोणी हाताळलेला नाही. वस्तीतल्या विहारात राहणारे भन्ते, त्यांचे जेवण कोणाकडून येते, ते नामकरण, लग्न आणि पुण्यानुमोदन यांतच अडकले आहेत का, त्यांना वस्तीने काय मागितले आणि त्यांनी वस्तीला काय दिले, यावर एखादी धड कथा माझ्या वाचनात क्वचितच आली आहे. कोणाच्या वहीत ती असेल तर ती पुढच्या बैठकीत आधी वाचावी. जयंतीच्या कवितांना नंतरही वेळ मिळतो.